कथा चालना रे भाऊ?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या खान्देशात पाठीवर पिशवी टाकून कुणी एस.टी. स्टँडकडे निघालं, की पारावरचं एखादं म्हातारं माणूस अहिराणीत हटकतंच, “कथा चालना रे भाऊ?” म्हणजे, कुठे निघालास रे भाऊ? कॉलेजात असताना मला या प्रश्नाचा राग यायचा. पुढे एकटाच व्हिएतनामला गेलो, तेव्हा कळलं की ती आपली राखण होती. परदेशात असं कुणी हटकत नाही. म्हणून विचारणारं माणूस घरीच नेमून निघावं लागतं.

मी निघताना बहिणीने माझ्याकडून एक कागद लिहून घेतला आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवला. पासपोर्टचा नंबर, व्हिसाची झेरॉक्स, विमानाची वेळ, पहिल्या तीन रात्रींच्या मुक्कामाचा पत्ता, विम्याचा पॉलिसी नंबर आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा फोन. मला तेव्हा ते फार वाटलं. चौथ्या दिवशी हनोईत रस्त्याच्या कडेला उभा राहून मोबाइलवर नकाशा बघत होतो. मागून मोटारसायकल आली आणि हातातला मोबाइल गेला. सगळे नंबर त्यातच. पाठ होता तो फक्त घरचा नंबर. हॉस्टेलवरच्या मुलीने तिचा फोन दिला, आणि बहिणीने तो कागद मला एकेक अक्षर करून वाचून दाखवला. माझं सिम कार्डही तिनेच बंद करवलं.

मोबाइल गेला की बँकेचा ओटीपीही जातो, हे तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून मी दोन कार्डं दोन ठिकाणी ठेवतो आणि थोडे डॉलर कपड्यांच्या आतल्या पट्ट्यात. कार्डाचा परदेशातला वापर निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये सुरू करावा लागतो. बऱ्याच जणांचा तो बंदच असतो. तिथल्या एटीएमने “रुपयांत की इथल्या चलनात?” असं विचारलं, तर तिथलंच चलन निवडा. रुपयांचा दर महाग पडतो.

पासपोर्ट आजच काढून बघा. बरेच देश मुदत किमान सहा महिने शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत. परदेशात तो हरवला, तर आधी पोलिसांत तक्रार, मग दूतावास. तिथे तातडीचा दाखला मिळतो, पण तो भारतात परतण्यापुरताच. सहल तिथेच संपते. म्हणून पासपोर्ट सॅकमध्ये नको, अंगावर हवा. केनियासारख्या देशात जायचं असेल, तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या. लसीचा दाखला नसेल, तर परतल्यावर इथे विमानतळावरच अडकून पडाल.

आयांनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. लेकराच्या बॅगेत काळा मसाला बांधून देता, त्यात खसखस असेल तर देऊ नका. दुबईत आणि सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे, आणि कितीतरी विमानं तिथूनच बदलावी लागतात. मसाला द्यायचाच, तर खसखस न घालता वेगळा कुटा. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. खोकल्याच्या आणि वेदनेच्या काही गोळ्या-औषधं आपल्याकडे साधी वाटतात, पण दुसरीकडे त्यावरून अटक होते. आणि विमानतळावर कुणी कितीही अजीजी केली, तरी त्याचं पार्सल हातात घेऊ नका.

सॅक भरली की ती पाठीवर घेऊन एकदा धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला चढून या. धापा टाकत उतरलात, तर घरी येऊन अर्धे कपडे काढून ठेवाल. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात ती चालत नाही.

नव्या गावात उजेडी पोहोचा. मुलींनो, आणि मुलांनो, तुम्हीसुद्धा. पहिल्या रात्रीची जागा आधी पक्की करा, लॉकरसाठी स्वतःचं कुलूप न्या, आणि आज कुठे उतरलात त्याचा फोटो तिथून निघाल्यावरच टाका. वाटेत कुणी भरपूर पगाराच्या कॉम्प्युटरच्या नोकरीचं आमिष दाखवलं, तर तिथून लगेच निघा. अशाच आमिषाने भारतातली पोरं थायलंडमार्गे म्यानमारला नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला डांबली गेली. पर्यटक व्हिसावर नोकरी करताच येत नाही.

आईवडिलांनो, दर तासाला फोन करू नका. एक वेळ ठरवा. आमची वेळ तिथले रात्री नऊ, म्हणजे आपले साडेसात. व्हिएतनामचं घड्याळ दीड तास पुढे. आई फोन उचलून आधी “जेवना का?” विचारायची, मग “उद्या कथा?” मी सांगितलेलं गावाचं नाव तिला ऐकू यायचं तसं, कॅलेंडरमागच्या त्याच कागदावर, पेन्सिलने तारीख घालून ती लिहून ठेवायची.

नमस्कार.