मोतीबिंदूची भूल: सुई की थेंब?

नमस्कार मंडळी. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की लेन्स कुठली आणि पॅकेज किती, हे मुलं-सुना विचारतात. आजोबा सगळं गप्प ऐकतात आणि उठता उठता हळूच विचारतात, "डोळ्यात सुई टोचणार का हो?" त्यामुळे आज मी फक्त भुलीबद्दल बोलणार आहे. पॅकेजचं चहाच्या वेळी विचारा.

डोळ्याची भूल तशी अलीकडची. क्लोरोफॉर्म आधीपासून होता, पण त्यातून शुद्धीवर येताना माणूस ओकायचा. तेव्हा डोळ्याची जखम सहसा शिवत नसत, त्यामुळे एका उमाशात सगळं मुसळ केरात. म्हणून बरेच सर्जन भूल न देताच, रुग्णाला धरून ठेवून हात चालवत. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरनं बेडकाच्या डोळ्यात कोकेनचं पाणी टाकलं. सुई लावली तरी बेडूक हलेना. मग पठ्ठ्यानं तेच पाणी स्वतःच्या डोळ्यात घालून बुबुळाला टाचणीचं टोक टेकवून पाहिलं. सप्टेंबरात हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत हा शोध मांडला गेला, पण कोलरकडे प्रवासाला पैसे नव्हते, म्हणून निबंध दुसऱ्यानं वाचला! कोकेन पुढे मागे पडलं. आता प्रोपॅराकेन किंवा लिग्नोकेन वापरतो.

आता सुईचं. ती बुबुळात जात नाही. खालच्या पापणीजवळून, डोळ्याच्या गोळ्याच्या बाजूनं आत जाते आणि औषध गोळ्याभोवती पसरतं. पाच-दहा मिनिटांत डोळा बधिर होतो, हलायचा थांबतो, त्या डोळ्यानं दिसणंही मंदावतं. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होतो, त्याहून क्वचित सुई गोळ्याला लागते. मोठ्या मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो, तिथे हा धोका जास्त. अशा वेळी बोथट नळीनं डोळ्याच्या पातळ आवरणाखाली औषध सोडता येतं.

थेंबांच्या भुलीत सुई नाही. थेंब अर्ध्या मिनिटात काम करतात, गरज पडली तर डोळ्याच्या आतही थोडं लिग्नोकेन सोडतो. पण डोळा हलता राहतो आणि दिसतही राहतं. हल्ली "आमचं थेंबांवर झालं" हे लोक फॉरेन रिटर्न असल्यासारखं सांगतात. मला हे पटत नाही. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांची मान कापते, जे सांगितलेलं विसरतात, ज्यांचा मोतीबिंदू पिकून दगड झालाय, त्यांना मी सरळ इंजेक्शन देतो. त्यात कमीपणा काय?

आणि भूल दिली म्हणजे काहीच कळणार नाही, असं समजून टेबलावर चढू नका. घोटाळा इथेच होतो. दाढ काढताना जबडा बधिर असूनही ओढल्याचं कळतं ना, तसंच. दुखणार नाही, पण दाब जाणवेल. सुरुवातीला मायक्रोस्कोपचा उजेड नको इतका वाटेल. मग लाल-निळे रंग हलताना दिसतील, कुणाला सावल्या. गार पाणी कानाकडे ओघळेल. मशीनचा आवाज मधेच बदलेल, तो बिघाड नव्हे. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस दचकतो, मूठ आवळतो, श्वास रोखतो, आणि श्वास रोखला की डोळ्यातला दाब वाढतो. म्हणून माझी सिस्टर शेजारी बसून हात धरते. औषधाच्या बिलात ती कुठे दिसत नाही, पण तिच्याशिवाय मी थेंबांवरच्या ऑपरेशनला हात घालत नाही.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी बरेच जण म्हणतात, "डॉक्टर, या खेपेला जास्त जाणवलं." भूल तीच असते. बहुतेक पहिल्या वेळी घाबरून धरलेलं ध्यान आता मोकळं असतं, म्हणून बारीकसारीकही कळतं.

तुमच्याकडून हवं ते थोडंच. खोकला असेल तर आधी सांगा, तारीख पुढे ढकलू. सपाट झोपल्यावर दम लागत असेल तर तेही. लघवीला जाऊन या, लाजू नका. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर हमखास सांगा, अशा काही गोळ्यांमुळे बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका, ते तुमचे डॉक्टर आणि मी मिळून ठरवू. टेबलावर खोकला आला तर मान हलवायची नाही, तोंडानं सांगायचं, "डॉक्टर, थांबा." मी अवजार बाहेर काढतो, तुम्ही खोका, मग पुढे. दुखलं तरी तेच. दात-ओठ खाऊन सहन करणाऱ्याला आमच्याकडे बक्षीस नाही, वाढीव थेंब मात्र मिळतात.

इंजेक्शन घेतलेल्यांनी संध्याकाळपर्यंत पापणी जड राहिली किंवा एकाचे दोन दिसले तर घाबरू नये. भूल उतरायला काही तास लागतात. पण भूल उतरल्यावर ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट न बघता फोन करा.

बोला आता, कुणाचे प्रश्न आहेत?