ताटात वाढणार नाही, पण…

नमस्कार, श्रोतेहो. वयात येणाऱ्या मुलांना शरीराबद्दल काय सांगावं, हा वाद घरोघरी असतो. पण ज्या घरात डॉक्टरची फी परवडत नाही, तिथल्या मुलांचं काय? अमेरिकेतल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये यावर बरंच काम झालं. त्यातली डॉ. जॉयसेलिन एल्डर्स यांची गोष्ट मला भारी आवडते.

बाईंचा जन्म 1933चा, आर्कान्सा राज्यातल्या खेड्यातला. आईवडील बटईनं शेती करायचे. आठ भावंडांत ही थोरली. कॉलेजला जायला बसचं भाडं नव्हतं, ते भावंडांनी जास्तीचा कापूस वेचून जमवलं. कापूस वेचताना बोटांचं काय होतं, ते विदर्भातल्या श्रोत्यांना सांगायला नको! पुढे बाई बालरोगतज्ज्ञ झाल्या. मधुमेही मुलींना कोवळ्या वयात दिवस गेले की जिवावर कसं बेततं, ते त्यांनी जवळून पाहिलं.

1987मध्ये तिथले गव्हर्नर बिल क्लिंटन यांनी त्यांना राज्याच्या आरोग्य खात्याचं प्रमुख केलं. पत्रकार परिषद भरली, शेजारी गव्हर्नरसाहेब. एकानं विचारलं, शाळांमधल्या दवाखान्यांत निरोध देणार का? बाई म्हणाल्या, जेवणाच्या ताटात नाही वाढणार, पण हो, देणार! क्लिंटन लालेलाल. तरी म्हणाले, माझा यांना पाठिंबा आहे. हल्ली लिहून आणलेला कागद वाचतात आणि प्रश्न न घेताच उठतात; तिला पत्रकार परिषद का म्हणायचं, हे मला कळत नाही. असो.

तर मुद्दा दवाखान्याचा. नुसता लैंगिक शिक्षणाचा तास घेऊन भागत नाही, शाळेतच दवाखाना हवा. पुन्हा सांगतो, नुसता तास नको, दवाखानाही हवा. आणि तास कसा घ्यावा? अटलांटात ग्रेडी रुग्णालयाच्या कार्यक्रमात आठवीच्या मुलांना शरीरसंबंधाला ‘नाही’ कसं म्हणायचं, ते अकरावी-बारावीची मुलं शिकवायची. ताईदादाचं ऐकतात मुलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मायकेल करेरा यांनी 1984पासून लैंगिक शिक्षणाला अभ्यासाची मदत, दातांची तपासणी, कामाची ओळख, बँकेतलं खातं, असं सगळं जोडलं. पुढे काही बनायचंय असं वाटलं, तर पोर स्वतःला जपतं.

एल्डर्सबाई 1993मध्ये देशाच्या सर्जन जनरल, म्हणजे जनतेच्या आरोग्यावर बोलणाऱ्या सरकारच्या मुख्य डॉक्टर, झाल्या. 1994च्या डिसेंबरात, हस्तमैथुनावरच्या प्रश्नालाही सरळ उत्तर दिलं म्हणून, त्याच क्लिंटननी, आता राष्ट्राध्यक्ष म्हणून, त्यांना घरी पाठवलं.