भुताच्या डोळ्यात बोट

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या दारावर गणपती असतो. चीनमध्ये वर्ष संपताना चित्र लागायचं ते झोंग क्वेईचं. झोंग क्वेई म्हणजे भुतांना धरणारं भूत.

दंतकथा अशी: थांग घराण्याचा सम्राट श्वानझोंग हिवतापानं अंथरुणाला खिळला होता. स्वप्नात एका चिमुकल्या भुतानं त्याची बासरी आणि लाडक्या राणीची, यांग क्वेईफेईची, अत्तराची पिशवी पळवली. तेवढ्यात एक धिप्पाड भूत आलं. त्यानं चोराला धरलं, डोळे उपटले आणि खाऊन टाकलं. ‘मी झोंग क्वेई. परीक्षेत नापास झालो, पायरीवर डोकं आपटून जीव दिला. आता भुतं मारतो.’ सम्राट जागा झाला तर ताप उतरलेला! त्यानं चित्रकार वू दाओझीकडून ते रूप काढून घेतलं. पुढे १०७२ साली सम्राट शेनझोंगनं त्याच्या छापील प्रती मंत्र्यांना वाटल्या.

आता माझी आवडती गोष्ट. दहाव्या शतकात वू दाओझीचं एक झोंग क्वेई शू राज्याच्या राजाकडे होतं. डाव्या हातात भूत, उजव्या हाताची तर्जनी भुताच्या डोळ्यात. तर्जनी, लक्षात ठेवा. राजा दरबारी चित्रकार ह्वांग छ्वानला म्हणाला, ‘अंगठ्यानं डोळा काढला तर जोर जास्त दिसेल. तेवढं बदलून दे.’

ह्वांग छ्वान चित्र घरी घेऊन गेला. कित्येक दिवस नुसता बघत बसला. मग वेगळ्या रेशमावर नवंच चित्र काढलं, त्यात अंगठा डोळ्यात. जुन्याला हात लावला नाही. दोन्ही परत आणून दिली.

राजा म्हणाला, ‘मी बदलायला सांगितलं होतं.’

ह्वांग छ्वान म्हणाला, ‘महाराज, वू दाओझीच्या झोंग क्वेईचं सगळ्या अंगाचं बळ, नजरसुद्धा, तर्जनीत आहे. अंगठ्यात नाही. म्हणून धजलो नाही. माझं चित्र त्याच्या तोडीचं नाही, पण त्यात सगळं बळ अंगठ्यात आहे.’

सगळं बळ एका बोटात! म्हणून मी म्हणतो, चित्रात चेहऱ्याआधी हात बघावेत. गणपती ठरवायला कारखान्यात जाल तेव्हाही आशीर्वादाचा हात आधी बघा. तो लाकडासारखा ताठ असेल तर मुकुटाच्या खड्यांनी काही होत नाही.

असो. राजा खूश झाला, त्यानं ह्वांग छ्वानला बक्षीस दिलं. आणि वू दाओझीच्या चित्रात तर्जनी होती तिथेच राहिली, भुताच्या डोळ्यात.