शिक्षककक्षातील राजकारण आणि सेवाज्येष्ठतेची यादी

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेतील राजकारणाचा विषय निघाला की बोट सरळ संस्थाचालकांकडे जाते आणि पुष्कळदा ते योग्यही असते. परंतु शिक्षकाच्या समाधानाला पहिला तडा बदली तासांच्या वहीमुळे जातो, असे माझे मत आहे. अनुदानित शाळेत वेतनश्रेणी शासनाने ठरवलेली असल्याने तेथे मानापमान तासांमध्येच मोजला जातो. एखादे शिक्षक रजेवर असले की पर्यवेक्षक त्यांचे तास इतरांना वाटून देतात, शिपाई वही घेऊन फिरतो आणि ज्याने त्याने आपल्या नावापुढे सही करायची असते. जादा तास घेण्याचे फारसे दुःख कुणालाच नसते. मात्र महिन्याभराची पाने उलटल्यावर ठरावीक चौघांच्याच सह्या दिसल्या आणि मुख्याध्यापकांच्या मर्जीतल्यांचे मोकळे तास दर वेळी शाबूत राहिलेले आढळले, की गट पडलेच म्हणून समजा.

याहून कडू वाद सेवाज्येष्ठतेचा. महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठी 1977चा सेवाशर्ती अधिनियम आणि 1981ची नियमावली आहे. तिच्या अनुसूची 'फ'प्रमाणे माध्यमिक शिक्षकांचे शैक्षणिक पात्रतेनुसार प्रवर्ग पाडले जातात, त्यामुळे डी.एड.वर आधी लागून पुढे बी.एड. झालेल्या शिक्षकाची 'क' प्रवर्गातील, म्हणजे बी.एड. झालेल्या पदवीधरांच्या प्रवर्गातील, ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेपासून धरली जात नाही. वर्षानुवर्षे एकत्र डबा खाल्लेले दोघे मुख्याध्यापकपद रिकामे होण्याच्या सुमारास एकमेकांशी बोलेनासे होतात, ते बहुधा यातूनच. निरोपसमारंभात मात्र दोघेही भाषण करतात!

वास्तविक संस्थेने ज्येष्ठतायादी तयार करून ती शिक्षकांना द्यावी, पोच म्हणून सह्या घ्याव्यात आणि हरकतींचा विचार करावा, असे नियमावलीतच सांगितले आहे. यादी नियमितपणे फिरते तेथेही वाद होतात, पण ते कागदावर होतात आणि मिटतात; ती कपाटात राहिली की कुणाचे कुणाशी सूत जुळले आहे, याच चर्चेत मधली सुट्टी जाते.

पदोन्नतीत डावलले गेलेल्या शिक्षकाला 30 दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या अशा तक्रारी ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे, अपील करता येते. तरीही अनेक जण ती मुदत निघून जाऊ देतात, कारण निकाल लागेपर्यंत ज्यांच्या नेमणुकीला आव्हान द्यायचे त्यांच्याच हाताखाली काम करायचे असते आणि गोपनीय अहवालही तेच लिहिणार असतात.