गाणं कुणाच्या नावावर?

[दृश्य: वडगावची गल्ली. यंत्रमागांचा खडखडाट.]

वडगाव, शहापूर. बेळगावातला हा विणकरांचा भाग. कितीतरी घरांत पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. दिवसभराचा हा खडखडाट इथल्या माणसांच्या कानांना आता जाणवतही नाही. मायक्रोफोनला मात्र तो जाणवतो.

याच गल्लीतल्या एका घरात, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत, एक मुलगी स्वतःची गाणी रेकॉर्ड करते. आवाज घुमू नये म्हणून दोन्ही बाजूंनी वाकळा टांगल्यात. समोर स्टुलावर लॅपटॉप, त्याला जोडलेला, माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये उतरवणारा छोटा ऑडिओ इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक. हा माइक फार हळवा. श्वास टिपतो, बांगडी किणकिणते तीही टिपतो, आणि शेजारचा माग तर टिपतोच. मागाची घरघर भिंतीतून, फरशीतून चढत येते. ती खालच्या पट्टीत असते, म्हणून ही मुलगी साधारण शंभर हर्ट्झच्या खालचा आवाज कापून टाकते. बाईचा गळा बहुतेक त्याच्या वरच असतो, त्यामुळे गाण्याला धक्का लागत नाही. राहतो तो मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा खट्‌खट्. त्यावर इलाज एकच, वीज जाणं.

[दृश्य: दिवे जातात. माग थांबतात.]

"लाइट गेली गे आई! आता अर्धा तास कोण हाक मारू नका."

इंटरफेस आणि माइक दोन्ही लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतात. पंखाही बंद असतो. घाम पुसत पुसत ती एकेक कडवं गाते. दोन ओळी मराठी, मधली एक कन्नड. तिच्या घरात बोलणंच असं चालतं.

[दृश्य: जुन्या तबकड्या, छायाचित्रं.]

बेळगाव संगीताचं गाव म्हणून मिरवतं, आणि मिरवावंच. कुमार गंधर्व १९२४ साली इथून जवळच्या सुळेभावीत जन्मले. हार्मोनियमवाले रामभाऊ विजापुरे आयुष्यभर इथे शिकवत राहिले. बायकांचे आवाजही या मुलखात कधी कमी नव्हते. बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी सिनेमात गाजल्या. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. पण त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर नाव छापलं गेलं 'गांधारी हुबळी'. एवढा भरदार आवाज, आणि तबकडीवर दुसरंच नाव! मला ही गोष्ट सारखी टोचते. सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडकं वाजवत गाणाऱ्या जोगतिणींची नावं तर कुणी लिहूनच ठेवली नाहीत.

म्हणून स्वतःची गाणी स्वतः रेकॉर्ड करणाऱ्या या मुलींकडे बघताना आवाज किती गोड, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. गाणं कुणाच्या नावावर आहे, हा पहिला.

कायदा इथे त्यांच्या बाजूने आहे. शब्दांचा हक्क लिहिणारीचा, चालीचा हक्क बांधणारीचा, आणि रेकॉर्डिंगचा हक्क ते तयार करवून घेणाऱ्या निर्मात्याचा. स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल बांधलेलं गाणं स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या खोलीत रेकॉर्ड केलं की तिन्ही हक्क एकाच बाईकडे. सिनेमासाठी किंवा कंपनीसाठी गाणं दिलं तरी, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, लेखक-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा, थिएटरातला सिनेमाचा खेळ सोडला तर, कुणी लिहून घेऊ शकत नाही. त्यासाठी आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हावं. ही माहिती शहरातल्या प्रत्येक गाणाऱ्या मुलीपर्यंत पोचायला हवी, कारण समोर कागद येतो तेव्हा त्या सही करून मोकळ्या होतात.

[दृश्य: आजी जात्याशी बसलेली. मोबाइलसमोर ओवी.]

खानापूरकडच्या एका गाण्यात मध्येच ही ओवी येते. शब्द परंपरेचे, गळा आजीचा. नातीने कलाकारांच्या यादीत आजीचं पूर्ण नाव घातलंय, स्वतःच्या नावाच्या बरोबरीने. आजीने विचारलं, "माझं कशाला गं?" नात म्हणाली, "तू गायलीस म्हणून." गाणाऱ्याचा हक्क कायद्यातही वेगळा धरलेला आहे. पण नातीने कायदा वाचून हे केलं नाही.

पैशाचं काय? फार नाही. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचा मोबदला नाही. छोट्या शहरातल्या नव्या गाण्याला हा उंबरा उंच पडतो. म्हणून लग्नसराईत यातल्या काहीजणी ऑर्केस्ट्रात गातात, दुसऱ्यांची गाणी, रात्री उशिरापर्यंत. त्या पैशातून माइक येतो. यात कमीपणा कसलाच नाही. रोज चार तास माइकसमोर उभं राहून जी ताकद येते, ती क्लासात येत नाही.

[दृश्य: बसस्थानक. गिटारची पिशवी खांद्यावर.]

खरी अडचण तालमीची. ड्रम, बास, गिटार एकत्र वाजवायचं तर वाकळांचा कोपरा पुरत नाही. मित्राच्या गच्चीवर वाजवलं की शेजारी वर येतात. मुलगे गावाबाहेरच्या शेडमध्ये रात्री अकरापर्यंत बसतात. मुलींना तिथे घरचे पाठवत नाहीत, आणि निपाणी-खानापूरच्या मुलींची बस चुकली तर रात्र कुठे काढायची? बँडमधून मुली गळतात त्या इथे. 'आवड कमी पडली' असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्याबरोबर संध्याकाळी बस धरून बघावी.

त्यांनीच काढलेला तोडगा साधा आहे. कार्यक्रम संध्याकाळी पाचला सुरू, आठच्या आत समाप्त. तालीम दुपारी, शहराच्या मध्यभागी, जिथे बाहेर रस्त्यावर वर्दळ आहे.

जागा मात्र अजून मिळालेली नाही. लग्नाचा मोसम सरला की बेळगावची मंगल कार्यालयं आठवड्याचे कितीतरी दिवस कुलूपबंद असतात. तुमच्या ओळखीत असं कार्यालय, शाळेचा हॉल, वाचनालयाची वरची खोली असेल, तर आठवड्यातून दोन दुपारी ती या मुलींना द्या. भाडं त्या देतील. वीज हवी, आतून लागणारी कडी हवी आणि बसस्टॉप जवळ हवा.