कोपराखालची कड

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘आर्मरेस्टमुळे गिटारचा आवाज सुधारतो का?’ आर्मरेस्ट म्हणजे गिटारच्या कडेवर हात टेकायला बसवायची पट्टी. उत्तर देणार आहे, पळून जात नाही. पण आधी थोडं गाऱ्हाणं ऐकून घ्या. इतके गिटारवाले एका खोलीत, तेही हातात गिटार नसलेले, पुन्हा कधी सापडायचे?

अर्ध्या बाहीचा शर्ट घालून तासभर वाजवलं की कोपराच्या जरा पुढे, हाताच्या आतल्या बाजूला एक आडवा लाल वळ उठतो. टॉप, म्हणजे गिटारची समोरची फळी, आणि बाजूची फळी काटकोनात जोडलेली असते आणि तो काटकोन नेमका तिथे रुततो. खोका जितका खोल, तितका खांदा वर चढतो आणि हाताचा भार त्या कडेवर पडतो. मार्टिन कंपनीने 1916 मध्ये डिटसन या वाद्यविक्रेत्या कंपनीसाठी मोठ्या अंगाची गिटार काढली आणि तिला नाव दिलं ड्रेडनॉट, ब्रिटिश युद्धनौकेवरून. आता मांडीवर युद्धनौका घेऊन बसल्यावर वळ उठला तर दाद कुणाकडे मागायची? (हशा)

तर गाऱ्हाणं. एका बैठकीत मी वाजवायला बसलो. गिटारच्या कडेवर लाकडाची छोटी, वरून गोलसर पट्टी, म्हणजेच आर्मरेस्ट. समोरचे एक ज्येष्ठ वादक चष्म्यावरून बघत म्हणाले, “काय हो, आत्तापासूनच कुबडी?” सगळे हसले, मीही हसलो, ज्येष्ठांसमोर दुसरं काय करणार? मग त्यांची पाळी आली. त्यांनी आधी पायाखाली स्टूल घेतलं. मग गिटारच्या मानेवर तिसऱ्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावला. मग पिशवीतून पंजा कापलेला एक मोजा काढला आणि हातात कोपरापर्यंत चढवला. का, तर घामाने पॉलिश खराब होऊ नये! मोजा चालतो, आणि लाकडाची पट्टी म्हणजे कुबडी. मी काही बोललो नाही, म्हणून आज तुम्हाला ऐकवतोय.

बरं, व्हायोलिनवाल्यांना असं कुणी म्हणतं का? हनुवटी टेकवायचा तुकडा जर्मन व्हायोलिनवादक लुई श्पोरने 1820 च्या सुमारास आणला. त्याआधी व्हायोलिन वाजत नव्हतं थोडंच! आज तो तुकडा नसलेलं व्हायोलिन दिसलं तर आपणच विचारू, काय मोडलं? बँजोला तर धातूचा आर्मरेस्ट कित्येक काळापासून असतो. गिटारवाल्यांनाच सोसण्याचं भारी कौतुक.

आणि ही कड आवाजासाठी तशी ठेवलीय असंही नाही. कॅनडाचे गिटार-कारागीर ग्रिट लास्किन ती कड तासून उतरती करतात. त्यासाठी आतून जास्त लाकडाचा आधार द्यावा लागतो, वेळ जातो, म्हणून अशी गिटार महाग पडते. त्यांच्याच देशातल्या लिंडा मॅन्झर यांनी 1984 मध्ये जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीसाठी 42 तारांचं एक अचाट वाद्य बनवलं. त्याचा खोका हाताच्या बाजूला पातळ आणि गुडघ्याच्या बाजूला जाड ठेवला. म्हणजे कारागिरांना दुखणं कळलेलं आहे. पट्टी चिकटवणं हा आपला गरिबाचा उपाय… ही चिठ्ठी कसली? पाच मिनिटं? बरं.

तर आवाज. झटपट सांगतो. टॉप म्हणजे साधारण तीन मिलिमीटरची फळी, बहुधा स्प्रूस या लाकडाची. ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे फळीवर अडकवतात त्या तुकड्याच्या, आसपास ती मोकळेपणी हलते, कडेला चिकटवलेली असल्यामुळे जवळजवळ हलत नाही. हात कडेवरून आत सरकून फळीवर टेकला की कंप दबतात. घरी सगळ्या तारा एकदम छेडा, त्या वाजत असताना हात फळीवर ठेवा आणि उचला. फरक कानांनीच ऐका. आर्मरेस्ट कडेवर बसतो आणि हात फळीपासून वर धरतो, म्हणून दबणं टळतं. तो आवाजात भर घालत नाही. तुमच्या हाताने जे खाल्लं असतं तेवढंच वाचवतो. ज्यांचा हात मुळातच कडेवरच राहतो त्यांना काही फरक जाणवणार नाही, आणि त्यांनी आवाजासाठी पैसे घालवू नयेत. वळासाठी खुशाल घालवावेत.

दुष्परिणाम: हात थोडा वर येतो, मनगटाचा कोन बदलतो, सुरुवातीला पिक चुकीच्या तारेवर पडतं. सवय होते. जागा ठरवताना बाजारातल्या चित्राकडे बघू नका. नेहमीसारखं बसा, डोळे मिटून वाजवा, हात पडेल तिथे बसवा. गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर किंवा फ्रेंच पॉलिश असेल तर आर्मरेस्ट बसवायची चिकटपट्टी आणि रबरी चूषक दोन्हींपासून सावध. डाग पडतात, थर निघतो. काढताना उपटू नका. किंचित ऊब द्या आणि पट्टीमागून दोरा करवतीसारखा हळूहळू ओढा. शिवाय आर्मरेस्ट लावल्यावर गिटारच्या पेटीचं झाकण लागतंय का ते आधीच बघून घ्या.

डावखुऱ्यांचा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच सांगतो: काही आर्मरेस्टचा आकार एकाच बाजूला बसेल असा असतो, घेताना विचारा. आता माईक घ्या, तुमचे प्रश्न सुरू करा.