इथे कोणी येतंय का?

(सुरुवातीला फक्त कढईचा आवाज. निवेदन सात सेकंदांनी.)

पहाटेचे पावणेसहा, दादर पश्चिम. फुलबाजारात झेंडूच्या गोण्या अजून टेम्पोतून उतरतायत आणि इथे आत पहिला घाणा पडला पण. साबुदाणा वडा. साबुदाणा रात्रीच भिजवलेला, पाणी अगदी बेताचं, कारण ओल जास्त राहिली की वडा तेलात फुटतो, आणि फुटला की काय होतं ते आचारीकाकांच्या हातांवर दिसतंय बघा. उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, जिरं, मिरची, मीठ. वजनकाटा कुठेच नाही, सगळं मुठीच्या मापाने. गोळा तळहातावर चपटा करायचा, कडेने हळूच सोडायचा आणि लगेच झारा घालायचा नाही, थांबायचं. आम्ही तीन पहाटे शूट केलं आणि एडिटिंगला मला हे थांबणं काही कापवलं नाही, म्हणून शॉट जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आणि हे पियूष. श्रीखंडात ताक, वरून जायफळ, केशर. सकाळी सातला पियूष पिणारी माणसं आहेत दादरमध्ये, हो.

हॉटेलचं नाव सांगत नाही, मालकांची तशी अट होती. दादरकर ओळखतीलच. आणि तसं बघितलं तर दादरला नावांची काय कमी, मामा काणे १९१० पासूनचं, आस्वाद १९८६ चं, तिथल्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनहून बक्षीस मिळालं तेव्हा रांग पार फुटपाथवर आली होती. वडापावाचा जन्मसुद्धा १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर झाला असं सांगतात. पण तो विषय काढला की वाद होतात, पुढे जाऊ.

मी मुंबईत आलो तेव्हा नोकरी लोअर परळला आणि राहणं कॉट बेसिसवर. एका खोलीत चौघं, गॅस नाही. म्हणजे दोन्ही वेळचं बाहेर. आमच्या गावाकडे बाहेर खाणं म्हणजे जत्रेतली भजी, नाहीतर एसटी स्टँडवरची मिसळ, तीही एसटी चुकली तर. इथे ते रोजचंच झालं, आणि एकट्याचं. पहिल्याच आठवड्यात चौघांच्या टेबलावर एकटा बसलेलो, मोबाईल काढला, तर समोर एक आजोबा उभे. "इथे कोणी येतंय का?" नाही म्हटलं तर बसलेच, आणि त्यांचा ग्लास माझ्या ग्लासाला खेटून. खरं सांगतो, रागच आला मला, अनोळखी माणसाच्या तोंडासमोर घास कसा गिळायचा?

(दुपारचा शॉट. सगळी टेबलं भरलेली.)

आता हे बघा, दुपारचा सव्वा वाजलाय. या टेबलावर चौघं बसलेत, चौघांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. या काकू सिद्धिविनायकाहून आल्यात, संकष्टी आहे, चंद्र निघायचाय म्हणून साबुदाणा वडा. त्यांच्या शेजारी कुरिअरवाला दादा, त्याचा उपास वगैरे काही नाही, तोही तेच खातोय. समोर दोन कॉलेजची पोरं, मिसळीची एकच प्लेट आणि तीन पाव. चटणीची वाटी मधे. काकूंनी ती न विचारता पोरांकडे सरकवली, बघितलंत? हे आम्ही सांगून करून घेतलेलं नाही.

ही सवय गिरणगावातली असणार, असं मला वाटतं. कोकणातून, घाटावरून आलेले गडी गिरणीत लागायचे, बायकापोरं गावी, एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि जेवायला एखाद्या बाईंची खानावळ. कोणाची पहिली पाळी, कोणाची रात्रपाळी, जो येईल त्याने पंगतीत जागा दिसेल तिथे बसायचं. ताट वेगळं, पंगत एक. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये या खानावळवाल्या बायांना जोडून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच भागात. मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या गेल्या, खानावळीही. माझं ऑफिस होतं ते गिरणीच्याच जागेवर, काचेचं, आत कॅफे, तिथे दोघांची छोटी टेबलं आणि समोरची खुर्ची रिकामी असली तरी कोणी विचारत नाही.

भाडं, रीडेव्हलपमेंट, पार्सलवाल्यांची गर्दी, हे सगळं आहेच. बाजूच्या गल्लीतल्या एकाने बसायची जागा काढून नुसता काउंटर केलाय. तिथे शूटिंगला परवानगी मिळाली नाही.

गल्ल्यावर बडीशेप अजून आहे. पैसे घेतल्याचं आता डबा बोलून दाखवतो, मालक मान वर करत नाहीत.

(शेवटचा शॉट. निवेदन नाही, लाईव्ह आवाज ठेवणे. दारात बॅग घेतलेला एक पोरगा उभा, जागा शोधतोय. वेटर टेबल पुसत म्हणतो, "एकटाच ना? ये इकडे. काका, जरा सरका.")